वर्गणी, देणगी आणि शेजाऱ्यांची 'खंडणी'

परळहून एका ताईंनी विचारलंय: गणपतीच्या पावतीवर 'वर्गणी / देणगी' असं छापलेलं असतं, त्या दोहोंत फरक काय? पुढे त्यांनीच भर घातली आहे. मंडळाच्या मुलांनी 1001 सांगितले, घासाघीस करून 501 वर आणले, आणि समोरच्या दारातले काका हसून म्हणाले, "वर्गणी कसली, खंडणी म्हणा!"

वर्गणीकडे येतो. आधी त्या काकांचा समाचार.

हा विनोद मी दर श्रावणात ऐकतो. सोसायटीची पूजा असो, वाचनालयाची वर्षाची रक्कम असो की गाववाल्यांची सभा, खिशात हात घालायची वेळ आली की कुणीतरी 'खंडणी' म्हणतंच. म्हणणाऱ्याला वाटतं, खंडणी म्हणजे धमकावून उकळलेले पैसे. आजचा अर्थ तोच आहे, नाकारत नाही. मुंबई पोलिसांचं पथकसुद्धा 'खंडणीविरोधी' म्हणूनच ओळखलं जातं. कायद्याच्या मराठीत या गुन्ह्याला 'बलाद्ग्रहण' असा दात पाडणारा शब्द आहे, तो वकीलही उच्चारत नाहीत.

पण खंडणीत मुळात 'बल' नाही, ठराव आहे. खंडणे म्हणजे तोडणे, आणि मराठीत तोडणं म्हणजे मिटवणंही. आपण 'तोड काढतो'. हवालदाराशी 'तोडपाणी' होतं. दोन्हीकडे घोळ संपवून एका आकड्यावर यायचं असतं. गावाकडे शेत 'खंडाने' देतात, तेव्हा शेताचे तुकडे होत नाहीत. पीक येवो न येवो, वर्षाला अमुक इतकं द्यायचं एवढंच ठरतं. मराठ्यांच्या फौजा एखाद्या संस्थानिकाच्या सीमेवर उभ्या राहत, वकील ये-जा करत, आकडा खाली-वर होई, आणि शेवटी ठरे ती खंडणी. तलवार शेजारी असायची हे खरं, पण शब्द तलवारीवरून आलेला नाही, बोलणीवरून आलाय. 'खंडीभर धान्य द्यावं लागे म्हणून खंडणी' असं सांगणारे एक निवृत्त मास्तर मला दरवर्षी फोन करतात. खंडी हे वीस मणांचं माप. त्याचा इथे संबंध लावायचा तर मणावरून मणी आणि शेरावरून शेरणीही काढा.

तेव्हा ताई, 1001 ची 501 तुम्ही केलीत. व्युत्पत्तीच्या दृष्टीने खंडणी झाली ती त्या घटकेला, आणि खंडणाऱ्या तुम्ही. मुलं बिचारी वर्गणीच मागत होती.

आता वर्गणी. त्यात 'वर्ग' आहे, म्हणजे विभागणी. बँकेत रक्कम 'वर्ग' होते, अर्जांची 'वर्गवारी' होते. 'णी' हा क्रियेचा प्रत्यय: पेरणी, मोजणी, आखणी. म्हणून वर्गणी हे आधी पैशाचं नव्हे, वाटणीच्या कामाचं नाव असावं, असा माझा हेका आहे, घरचे कंटाळलेत. एकूण खर्च किती, माणसं किती, प्रत्येकाच्या वाट्याला किती, हा हिशेब आधी आणि पैसे मागून. गिरणगावात कोकणातल्या एकेका गावाची मंडळं अशीच चालत. एका खोलीत वीस-पंचवीस गाववाले राहायचे, महिन्याला ठरलेले पैसे भरायचे, आणि त्यातून कुणाच्या आजारपणाला, कुणाच्या एसटीभाड्याला, गावच्या देवळाला किंवा शाळेला रक्कम जायची. भरणारा सभेत उभा राहून 'गेल्या महिन्याचं काय झालं?' असं विचारू शकायचा. 'वर्गणीदार' शब्दात हा हक्क मुरलेला आहे. 1898 साली निघालेल्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या संस्था वर्गणीदारांच्या बळावर वाढल्या. हल्ली संस्थांच्या पत्रकांत 'सदस्यता शुल्क' येतं. शुल्क घाटावरच्या टोलनाक्यालाही असतं, आणि सदस्यता हिंदीत असते. आपल्याकडे सभासद असतो आणि तो वर्गणी भरतो.

आणखी एक. पावती! पावणे म्हणजे पोचणे, संस्कृत 'प्राप्'पासून आलेलं. तुमचे पैसे पावले ती पावती, आणि नवसाला देव पावतो तोही याच धातूने. म्हणजे लालबागच्या रांगेतला माणूस आणि दारात पावतीपुस्तक घेऊन उभा मुलगा एकाच क्रियापदाची वाट पाहत असतात. 'पोचपावती' म्हणताना तर आपण एकच गोष्ट दोनदा सांगतो. (पाहुण्याला 'पावणा' म्हणतात तो मात्र 'प्राघुण'वरून आलेला आहे. तोही दारात येऊन पोचतो, पण म्हणून त्याला इथे घुसवू नका.)

देणगी राहिली. ती देणाऱ्याच्या मर्जीची: रक्कम त्याने ठरवायची, हिशेब मागायचा की नाही हेही त्यानेच. पावतीवर दोन्ही शब्द असतात ते यासाठी की मुलांनी एक ठेवून दुसरा खोडावा. आमच्या मजल्यावर परवा तिघं आले, लिफ्ट बंद म्हणून धापा टाकत. सर्वांत लहान होता त्याने कार्बन उलटा घातला, माझं आडनाव चुकवलं, आणि 'वर्गणी / देणगी' यातलं काय खोडायचं म्हणून मोठ्याकडे पाहिलं. मोठा म्हणाला, "राहू दे रे, काकांना काय फरक पडतो."