दृष्टिहीनांच्या दिशाज्ञानावरच्या प्रबंधात ऋणनिर्देश कसा लिहावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: साताऱ्यात दृष्टिहीन मुलांच्या दिशाज्ञानावरचा प्रबंध पूर्ण होत आलाय, शिवाजी विद्यापीठाला सादर करायचाय. मार्गदर्शक आहेत, परदेशातल्या एका प्राध्यापकांनी चाचणी दिली, शाळेतल्या शिक्षकांनी आणि मुलांनी वेळ दिला. आता आभार कुणाचे, कसे मानायचे?

क्रमाचा विचार नंतर करा, आधी वाचणाऱ्याचा करा. तुम्ही ज्यांचे आभार मानणार त्यातले बरेच जण हे पान डोळ्यांनी वाचणार नाहीत. ‘जरा वाचून दाखव रे’ असं कुणाला न म्हणता त्यांना ते स्वतः वाचता आलं पाहिजे. पान कसं तयार करायचं ते शेवटी सांगतो, कारण आधी मजकूर नीट हवा.

आपल्याकडे ऋणनिर्देशाची एक ठरलेली भाषा आहे. ‘गुरुवर्यांनी अज्ञानाचा अंधकार दूर केला’, ‘त्यांच्या डोळस मार्गदर्शनामुळे’, ‘मला नवी दृष्टी दिली’. इतर कुठल्याही प्रबंधात हे खपून जातं. तुमच्या प्रबंधात नको. ज्या मुलानं दोन तास तुमच्यासाठी चाचण्या दिल्या, त्याच्या अंधत्वाला पहिल्याच पानावर अज्ञानाचं नाव मिळतं. ‘अंध असूनही’ हा शब्दप्रयोगही काढा, आणि ‘मुलांकडून प्रेरणा मिळाली’ हेही. मुलांनी प्रेरणा नाही दिली, माहिती दिली, चुका दाखवल्या. तेच लिहा.

म्हणजे नेमकं काय, ते एका चाचणीवरून पाहू. त्रिकोण पूर्ण करण्याची चाचणी तुम्ही घेतली असेलच: मुलाला हात धरून ४ मीटर सरळ न्यायचं, काटकोनात वळवून ३ मीटर न्यायचं, आणि तिथून सुरुवातीच्या जागी थेट परत यायला सांगायचं. बरोबर उत्तर म्हणजे साधारण १२७ अंश वळून ५ मीटर चालणं. आता हॉलच्या कोपऱ्यात पंखा घरघरत असेल, तर मूल मनातल्या मनात वाट जोडत नाही, आवाज धरून वळतं. चूक कमी भरते आणि निष्कर्ष खोटा पडतो. भिंतीवरून येणारा पावलांचा प्रतिध्वनी, दारातून येणारी झुळूक, शेवटच्या खुणेपाशी उभ्या असलेल्या मदतनिसाच्या बांगड्यांची किणकिण, सगळ्यांनी हेच होतं. हे बहुतेक वेळा मुलंच आधी सांगतात, नाहीतर काठी घेऊन चालायला शिकवणारे ओ अँड एम (ओरिएंटेशन अँड मोबिलिटी) शिक्षक. तसं झालं असेल तर ऋणनिर्देशात ‘अनमोल सहकार्य’ न लिहिता असं लिहा: ‘हॉलमधील पंख्याच्या आवाजावरून दिशा कळते, हे सहभागी विद्यार्थ्यांनी निदर्शनास आणून दिले. त्यानंतर सर्व चाचण्या पंखे बंद ठेवून पुन्हा घेतल्या.’ या दोन वाक्यांत आभारही आले आणि परीक्षकाला तुमची पद्धतही कळली.

स्पर्शनकाशाचंही तसंच. साताऱ्यातल्या पोवई नाका ते राजवाडा या वाटेचा, बोटांनी वाचायचा उठावाचा नकाशा केला, पण दोन समांतर रस्त्यांच्या रेषांत ३ मिलिमीटरपेक्षा कमी अंतर ठेवलं, तर बोटाला ती एकच जाड रेष लागते. ज्यांनी बोट फिरवून ‘इथे दोन रस्ते आहेत हे कळत नाही’ म्हटलं, त्यांनी नकाशा दुरुस्त केला. ‘नकाशाची स्पर्शवाचनीयता तपासली’ हे शब्द त्यांच्या नावापुढे आलेच पाहिजेत.

इथे एक प्रश्न स्वतःला विचारा: या व्यक्तीची जागा आभारात आहे की लेखकांत? प्रबंधाला लेखक एकच असतो, पण त्यातून शोधनिबंध निघतील. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या चार अटी आहेत: आराखड्यात, माहिती गोळा करण्यात किंवा तिच्या विश्लेषणात भरीव वाटा; लेखनात किंवा मसुदा चिकित्सकपणे सुधारण्यात सहभाग; अंतिम मसुद्याला मान्यता; आणि कामाची जबाबदारी घेण्याची तयारी. एखाद्या दृष्टिहीन शिक्षकांनी चाचणी आखली असेल, तर त्यांना मसुदा वाचायला द्या, पुढच्या अटी पूर्ण करायची संधी द्या आणि सहलेखक करा. आभारात बसवून मोकळं होऊ नका. या विषयात याला मोठा आधार आहे. सांता बार्बराच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले भूगोलतज्ज्ञ रेजिनाल्ड गॉलेज यांची दृष्टी १९८४ मध्ये गेली. पुढे जॅक लूमिस आणि रॉबर्टा क्लॅट्झकी यांच्याबरोबर दृष्टिहीनांच्या मार्गशोधनावर त्यांनी जे काम केलं, ते लेखक म्हणूनच.

मात्र गॉलेज, लूमिस यांची नावं तुमच्या ऋणनिर्देशात नकोत, ती संदर्भसूचीत. आभार फक्त त्यांचे, ज्यांनी तुमच्यासाठी प्रत्यक्ष काही केलं. परदेशातल्या प्राध्यापकांनी चाचणीची मूळ पत्रकं पाठवली असतील तर तेवढंच लिहा. ‘मार्गदर्शन लाभले’ लिहिलं की त्यांनी सगळा प्रबंध तपासला असा अर्थ निघतो. म्हणूनच ज्यांचं नाव घ्याल त्या प्रत्येकाची लेखी परवानगी घ्या, आणि नुसती ‘नाव घालू का?’ अशी नको, पूर्ण वाक्य पाठवून.

मुलांची नावं मात्र अजिबात नकोत, पालकांनी आनंदानं हो म्हटलं तरी. आणि नुसतं नाव गाळून भागत नाही. जिल्ह्यात अशी मुलं मोजकी. ‘जावळी तालुक्यातील जन्मांध १४ वर्षांची मुलगी’ एवढ्यावरून गावातलं कुणीही तिला ओळखेल. तालुका काढा, वय ‘१२ ते १५’ असं गटात लिहा, आणि आभार एकत्र माना. १९८१ मध्ये बार्बरा लँडाऊ आणि सहकाऱ्यांनी अडीच वर्षांच्या एका अंध मुलीचा अभ्यास प्रसिद्ध केला. आई, टेबल, उशा आणि टोपली यांच्यामध्ये तिला काही ठरावीक वाटांनी नेलं, तर कधी न चाललेल्या वाटाही तिला सापडल्या. या विषयात तो आजही शिकवला जातो, पण ती मुलगी अभ्यासकांना ठाऊक आहे ती फक्त ‘केली’ या नावानं.

आता क्रम. मार्गदर्शक, सहमार्गदर्शक, परवानगी देणारी संस्था व मुख्याध्यापक, शिक्षक, सहभागी मुलं व पालक, मग तांत्रिक मदत, शेवटी घरचे. तुलनेसाठी डोळ्यांवर पट्टी बांधून चाललेली डोळस मुलं विसरू नका, ती नेहमी सुटतात. रविवारी हॉल उघडून देणारे शिपाई, वसतिगृहाचे अधीक्षक, लेखनिक, पाटणहून पहाटेच्या एसटीनं मुलाला घेऊन येणारी आई, हेही सुटतात. दिलेला प्रवासखर्च हा आभार नव्हे. कुणी हयात नसेल तर ‘दिवंगत’ लिहा. सगळं मिळून छापील दीड पानात बसवा.

आणि आता ते पान. मजकूर युनिकोडमध्ये टाइप करा. श्रीलिपी किंवा कृतिदेवच्या जुन्या फॉन्टमध्ये केलात तर पडद्यावर मराठी दिसेल, पण एनव्हीडीए किंवा टॉकबॅक (संगणकावरचा आणि मोबाइलवरचा मजकूर वाचून दाखवणारी सॉफ्टवेअरं) त्यामागची इंग्रजी अक्षरं बडबडेल. ‘ऋणनिर्देश’ या शीर्षकाला वर्डमधली हेडिंग शैली द्या, नुसतं ठळक करू नका, म्हणजे वाचकाला थेट तिथे उडी मारता येते. पीडीएफमध्ये मराठी जोडाक्षरं कधी कधी तुटतात, म्हणून सोबत वर्डची फाइलही पाठवा. स्कॅन केलेलं पान किंवा व्हॉट्सॲपवर फुलांच्या चित्रावर लिहिलेले आभार म्हणजे त्यांच्यासाठी कोरा कागद.

शाळेसाठी ब्रेल प्रत काढा. छापील दीड पानाची ब्रेलमध्ये साधारण चार पानं होतात. सॉफ्टवेअरनं रूपांतर केल्यावर ती ब्रेल वाचणाऱ्या व्यक्तीकडूनच तपासून घ्या. गडबड हमखास जोडाक्षरांत होते. भारती ब्रेलमध्ये, म्हणजे भारतीय भाषांसाठीच्या ब्रेल लिपीत, ‘ज्ञ’ला स्वतंत्र चिन्ह आहे. जुन्या फॉन्टमधून रूपांतर करताना ते बिघडलं, तर नेमका ‘कृतज्ञता’ हाच शब्द बोटाखाली अडखळतो. ब्रेल प्रत प्रबंधाच्या बांधणीआधी काढा, कारण तपासणाऱ्यांना एखाद्याचं नाव राहिलेलं सापडलं, तर छापील पानातही ते घालता येईल.