मामांची मास्टर कास्टिंग विकू की ठेवू?

मामांच्या मागे शिशाच्या छोट्या सैनिकांची मास्टर कास्टिंग मालवणच्या घरी राहिलीत, गिऱ्हाईक दारात आहे, विकू का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत, घाई करू नका. मास्टर म्हणजे ज्यावरून रबराचा साचा निघतो तो मूळ नग. बाजारातल्या तयार सैनिकावरून साचा काढला तर ओतलेला धातू थंड होताना पुन्हा आकसतो, आकृती लहान होते, चेहरा आणि बटणं बोथट होतात.

पण आधी ती कुठे ठेवलीत ते बघा. लाकडी कपाटातून सुटणारी आम्लाची वाफ आणि आपली पावसाळी दमट हवा मिळून शिसं खातात. माझ्या एका घोडेस्वाराच्या टाचेखाली पिठासारखी पांढरी भुकटी दिसली. हलक्या हाताने पुसली, तरी खोगिराचा पट्टा तिच्यासोबतच गेला. फार वाईट वाटलं. ही भुकटी विषारी असते, फुंकू नका, हात लावलात तर साबणाने धुवा. घट्ट झाकणाच्या प्लास्टिक डब्यात ओलावा शोषणारं सिलिका जेल घाला आणि पावसाळाभर ते बदलत राहा.

एवढं जमणार नसेल तर विका, पण जो खरोखर साचे काढून ओतणार आहे त्यालाच. नुसता नग देताय की नकला काढायचा हक्कही, हे कागदावर लिहा. तो हक्क मुळात मामांकडे होता का, तेही तपासा.