घोळ ओळखावी कशी, खुडावी कुठून

आटपाडीजवळच्या आपल्या पडीक रानात पावसानंतर जमिनीसरशी पसरलेली, लालसर देठांची भाजी घोळच आहे का आणि मुतखडा होऊन गेलेल्या वडिलांना ती द्यावी का, असे आपण विचारले आहे. वर्णनावरून ती घोळच दिसते. तरीही आधी एक देठ मोडून पाहावा. घोळीतून पाण्यासारखा, किंचित बुळबुळीत रस येतो. पांढरा चीक आला, तर ते दुधी नावाच्या चीक असलेल्या रानवनस्पतीच्या (दुधी भोपळ्याच्या नव्हे) वर्गातले तण समजून टाकून द्यावे. विषखापऱ्याशीही गल्लत होते. त्याची पाने गोलसर असून समोरासमोरच्या जोडीतले एक मोठे व एक लहान असते आणि फूल गुलाबी किंवा पांढरे येते, तर घोळीचे फूल पिवळे असते आणि ते उन्हात थोडाच वेळ उमलते.

माझ्या मते ओळखण्यापेक्षा जागेची चौकशी महत्त्वाची आहे. आपल्याकडे डाळिंबाच्या बागेत ठिबकच्या नळीखाली घोळ जशी लुसलुशीत माजते तशी माळावर कधीच माजत नाही, पण तिथे फवारण्या सतत चालू असल्याने ती घरी आणू नये. बांधावरची, तणनाशक न पडलेली खुरटी घोळच बरी.

पाऊस ओढ देतो तेव्हा ही वनस्पती दिवसा पानांची रंध्रे मिटून घेते आणि रात्री घेतलेला कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपाने साठवते. म्हणून पहाटे खुडलेली भाजी जास्त आंबट लागते आणि दुपारनंतरची सौम्य. आमटीत घालायची असेल तर मी सकाळचीच पसंत करतो, कारण मग चिंच लागत नाही. जून घोळ धुताना भांड्याच्या तळाशी काळे कण उरतात. ती माती नसून बी असते, त्यामुळे पुन्हापुन्हा धुण्याचे कारण नाही.

वडिलांच्या बाबतीत मात्र सावध राहावे. घोळीत ऑक्झलेट भरपूर असते आणि बहुतेक मुतखडे कॅल्शियम ऑक्झलेटचेच असतात. उकडून पाणी ओतून दिल्याने व सोबत दही घेतल्याने त्याचा भार कमी होतो, नाहीसा होत नाही; तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही भाजी त्यांना वाढू नये. घरातल्या इतरांनी तुरीच्या डाळीत शिजवून, वर लसणाची फोडणी देऊन बाजरीच्या भाकरीबरोबर अवश्य खावी.