क्रोशाने खेळाचा पहिलाच पट विणताय? मग फुली-गोळा घ्या

बुद्धिबळाच्या ६४ घरांच्या नादी आत्ताच लागू नका. फुली-गोळ्याची ९ घरं पुरेत. लोकर नको, सुती दोरा घ्या, लोकरीचा पट ताणला जातो. क्रोशाची सुई त्या दोऱ्याला नेहमी लागते त्याहून एक नंबर बारीक, म्हणजे वीण घट्ट बसते.

पट गोलच करा. ६ मुक्या खांबांनी (क्रोशाचा बुटका टाका, सिंगल क्रोशे) सुरुवात, दर फेरीला ६ वाढवायचे. कडेला झालर पडली तर वाढ जास्त झाली, वाटीसारखी वळली तर कमी. (मोजायचा कंटाळा केला नि माझ्या पहिल्या पटाची टोपी झाली!) शेवटच्या फेरीत साखळ्यांची भोकं ठेवून नाडी ओवा; ओढली की पटाचीच पिशवी, सोंगट्या आत. घरांच्या रेघा सगळ्यात शेवटी, वेगळ्या रंगाने वरून काढा. सोंगट्या म्हणून फुल्या ५, गोळे ५.