पहिल्यांदाच रेडिओ खगोलशास्त्राच्या सायन्स डेला बोलणार असशील तर

दहा मिनिटंच मिळणार असतील तर अवकाशातून रेडिओ लहरी येतात हे कार्ल जान्स्कीने १९३३ साली कसं जाहीर केलं ते सांगत बसू नकोस. समोर सगळे रेडिओवालेच असतात. थेट तुझ्या प्रश्नावर ये.

खरी मेहनत घे ती आकाशाच्या तुझ्या मुख्य रेडिओ नकाशावर. फ्रिक्वेन्सी लिही, कोपऱ्यात बीमचा (दुर्बिणीला वेगळा दिसू शकणारा सगळ्यात लहान ठिपका) आकार दाखव, रंगपट्टीवर एकक टाक (जान्स्की प्रति बीम; जान्स्की हे रेडिओ लहरींच्या तीव्रतेचं एकक). हे नसलं की पहिला प्रश्न त्यावरच येतो आणि वेळ तिथेच संपतो. काम १४२० मेगाहर्ट्झच्या हायड्रोजन रेषेवर (हायड्रोजन वायूचा रेडिओ सिग्नल) असेल तर अक्षावर वेग आहे की फ्रिक्वेन्सी, तेही दिसू दे.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- खराब डेटा लपवणं. मोबाइल, उपग्रह यांच्या सिग्नलपायी काही भाग टाकावा लागतोच. किती टाकला ते सांगून मोकळं हो.
- फक्त आपल्याच विषयाची सत्रं ऐकणं. पल्सारवाल्यांकडे (पल्सार म्हणजे ठरावीक ठेक्यात रेडिओ सिग्नल देणारे तारे) जरूर बस, नको असलेले सिग्नल गाळण्यात ती मंडळी तरबेज असतात.

कॅलिब्रेशनचे (दुर्बिणीची मापं बरोबर जुळवून घेण्याचे) बारकावे सध्या राहू देत. कुणी खोदून विचारलंच तर ‘बघून सांगेन’ म्हण. कुणी खात नाही!