‘नाताळला घरी गेल्यावर दाखवीन’

प्रश्न : ताई, मी इंग्लंडमध्ये पीटरबरोला एका गोदामात पॅकिंगचं काम करते. माझ्या शेजारच्या टेबलावरची पोलिश मुलगी २०१९ साली लुब्लिनहून आली. मागच्या शनिवारी एका पार्टीत खूप दारू झाली आणि नीट ओळखही नसलेल्या माणसाशी तिचा संबंध आला. निरोध नव्हता. आज आठवा दिवस. त्रास काही नाही, म्हणून ‘नाताळला घरी गेल्यावर आमच्या डॉक्टरांना दाखवीन’ म्हणते. ‘घरी असते तर असं झालंच नसतं’ म्हणून रडते. परदेशात माणूस एवढा बदलतो का? तिला काय सांगू?

उत्तर : नाताळपर्यंत थांबू देऊ नका. क्लॅमिडिया हा संबंधातून होणारा संसर्ग बहुतेक बायकांना जाणवतच नाही, आणि उपचार झाले नाहीत तर गर्भनलिकांना इजा करू शकतो. त्याची आणि गनोरिया या तशाच दुसऱ्या संसर्गाची तपासणी संबंधानंतर २ आठवड्यांनी भरवशाची ठरते, गर्भधारणेची ३ आठवड्यांनी, एचआयव्हीची ४५ दिवसांनी, सिफिलिसची १२ आठवड्यांनी. तरी या आठवड्यातच लैंगिक आरोग्य केंद्रात जा. पुढच्या तारखा तिथेच लावून देतील. पैसे पडत नाहीत, आणि तिच्या परवानगीशिवाय फॅमिली डॉक्टरलाही कळवत नाहीत.

मी अशाच एका केंद्रात परिचारिका होते. एक पोलिश मुलगा रात्रपाळी संपवून तसाच आला होता, पायात लोखंडी टोकाचे बूट. त्याने फोनवर प्रश्न भाषांतरित केला आणि स्क्रीन माझ्यापुढे धरला : ‘पत्र घरी येईल का?’ सात जणांचं घर, सगळ्यांची टपाल दाराजवळच्या एकाच खिडकीत पडलेली. ‘फक्त मेसेज येईल, पत्र नाही,’ म्हटल्यावर तो खुर्चीत बसला. तोवर उभाच होता. आजारापेक्षा त्या खिडकीची भीती त्याला जास्त होती.

माणूस बदलतो असं मला वाटत नाही. घरी आईची, शेजाऱ्यांची, चर्चमधल्या लोकांची नजर असते. पण पार्टीतून हाताला धरून घरी आणणारी मैत्रीणही तिथेच असते, आणि ‘निरोध नसेल तर नको’ हे ठामपणे सांगायची भाषाही. नजर सुटली याबद्दल सगळे बोलतात, आधार सुटला याबद्दल कुणी बोलत नाही. २००४ मध्ये पोलंड युरोपीय संघात आल्यावर कितीतरी जण ‘थोडं कमवू आणि परत जाऊ’ म्हणून ब्रिटनला आले. मुक्काम तात्पुरताच वाटत असला की डॉक्टरकडे नाव नोंदवणंही राहून जातं. शिवाय तिकडच्या सवयी सोबत येतात. पोलंडमध्ये २०१७ मध्ये, गर्भ राहू नये म्हणून संबंधानंतर घ्यायच्या गोळीला पुन्हा डॉक्टरची चिठ्ठी लागू झाली. ती गोळी इथल्या केंद्रात फुकट मिळते हे तुमच्या मैत्रिणीला कुणी सांगितलंच नसेल. या खेपेला गोळीची ५ दिवसांची मुदत उलटली, पण तिला हे माहीत असू द्या.

आणि परदेश म्हणजे नुसता धोका, असंही नाही. २०१९ पासून पोलंडमधल्या अनेक नगरपालिकांनी समलिंगी लोकांविरुद्ध ठराव केले. तिथून आलेल्या कुणाकुणाने आयुष्यातली पहिली एचआयव्ही तपासणी आमच्याकडे केली, कारण इथे ‘पुरुषांशी संबंध आहे’ एवढं म्हणण्याची त्यांना मोकळीक होती.

तुम्ही तिच्याबरोबर जा. वेळ घेतानाच पोलिश दुभाषी मागा, फोनवरही मिळतो. तपासणीच्या वेळी मात्र बाहेर बसा.

एक गोष्ट तिला एकटीला, शांतपणे विचारा. त्या रात्री तिची इच्छा होती का? इतकी दारू झाली असताना ती ‘हो’ म्हणण्याच्या स्थितीत तरी होती का? उत्तर ‘नाही’ असेल, किंवा ती नुसतीच गप्प बसली, तर लैंगिक अत्याचारानंतर मदत करणारी वेगळी केंद्रं इंग्लंडभर आहेत. पोलिसांत न जाताही तिथे जाता येतं. जायचं की नाही ते तीच ठरवेल, फोन तुम्ही लावून द्या.