आत्महत्यांची सरकारी आकडेवारी मागे राहिलेल्यांबद्दल काही सांगते का?
फार थोडं. एनसीआरबीच्या, म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्या झाल्या. सर्वाधिक, २२,७४६, महाराष्ट्रात. मृताचं वय, शिक्षण, लग्न झालेलं की नाही, हे सगळं त्यात मिळतं. मागे किती लेकरं उरली, हा रकानाच नाही.

शेतकऱ्याचं घर असेल तर तेरावं उरकत नाही तोच बायको तलाठ्याच्या दारात: सातबारा, कर्जाचे कागद, वारसनोंद. प्रकरण 'पात्र' ठरलं तर सरकारी मदत १ लाख, त्यातले ३० हजार हातात, ७० हजार ठेवीत. 'अपात्र' ठरलं तर तेही नाही. आणि "घरात काही भांडण झालं होतं का गं?" हे मात्र दारात येणारा प्रत्येक जण विचारतो. मला तर हा प्रश्न कर्जापेक्षा जड वाटतो.

कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेलिमानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६. फोन फुकट आहे, मराठीतही बोलतात.